लाव्ही पालन: पहिले दहा दिवस ऊब, शेवटचे दहा दिवस अंधार

पहिल्या बॅचला मी 200 पिल्लं आणली आणि पहिल्याच आठवड्यात त्यातली 61 परसात पुरली. आठ वर्षं झाली, तरी तो आकडा डोक्यातून जात नाही. रोग आला नव्हता, खाद्यही वाईट नव्हतं. रात्री दीडला लाईट गेली, आम्ही दिवसभर तूर मळून गाढ झोपलेलो. पहाटे शेडमध्ये गेले तर एका कोपऱ्यात पिल्लांचा ढीग. वरची जिवंत, खालची गुदमरून गेलेली. मदतीला आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, चिमणीएवढा जीव. त्याला रात्रभर एकटं टाकून झोपतं का कुणी?" त्यांचं बोलणं लागलं, पण खरं होतं.

आमचं गाव बार्शी तालुक्यात. साडेतीन एकर रान, त्यात तूर, ज्वारी, थोडा कांदा. लाव्ह्या हा जोडधंदा आहे. आज दर महिन्याला साधारण 400 पक्षी माझ्या हातून तयार होतात आणि मरतूक शंभरी आठ-नऊच्या वर जात नाही. कसं करते ते सांगते. तुमच्याकडे हवा वेगळी असेल तर त्याप्रमाणे बदल करा.

आधी कोणता पक्षी ते नीट समजून घ्या. आपल्या ज्वारीच्या धसकटात भुर्रकन उडते ती रानातली लाव्ही पकडायची नाही, पाळायची नाही आणि विकायचीही नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. आपण पाळतो ती जपानी लाव्ही. ढाब्यावर तिला बटेर म्हणतात. ती आपल्या देशात 1974 मध्ये आणली गेली, आणि बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने तिच्या मांसाच्या आणि अंड्यांच्या जाती तयार केल्या. 2011 साली केंद्राने या धंद्यावर निर्बंध घातले होते, पुढे ते सैल झाले. तरी पिल्लं हॅचरीतूनच, म्हणजे अंडी उबवून पिल्लं विकतात तिथूनच घ्या आणि पावती जपून ठेवा. माझ्या पावत्या शेडच्या दारामागे खिळ्याला अडकवलेल्या असतात. कुणी विचारलं तर शोधाशोध करावी लागत नाही.

पिल्लं सांगताना "मांसाची जात" असं स्पष्ट सांगा. एकदा मला एका हॅचरीने अंड्यांच्या जातीची पिल्लं दिली. पाच आठवडे पोटभर खाऊनही ती दीडशे ग्रॅमच्या आसपास अडकली. दिसायला दोन्ही सारखीच, पिवळ्या अंगावर काळे पट्टे, भुंग्यासारखी. एका दिवसाच्या पिल्लाचं वजन आठ-नऊ ग्रॅम. तळहातावर ठेवलं तर वजन जाणवत नाही, नुसती धडधड जाणवते.

पिल्लं येण्याआधी

पिल्लं येणार त्याच्या आदल्या संध्याकाळीच ब्रूडर तापवून ठेवते. माझा ब्रूडर म्हणजे जुन्या पत्र्याचं गोल कडं, तीन फूट व्यासाचं, दीड फूट उंच. गोलच हवं. कोपरा असला की पिल्लं तिथं दाटी करतात आणि चेंगरतात. कड्यात शंभर पिल्लं, त्याहून जास्त नाहीत. वर 60 वॅटचे दोन पिवळे बल्ब, थंडीत तिसरा. एक उडाला तरी दुसरा चालू राहावा म्हणून दोन. एलईडी लावू नका, त्यात उजेड आहे पण ऊब नाही.

खाली शेंगांची टरफलं दोन इंच पसरते आणि त्यावर खोक्याचा पन्हळी पुठ्ठा, पन्हळी बाजू वर. वर्तमानपत्र अजिबात नको. गुळगुळीत कागदावर पिल्लाचे पाय दोन बाजूंना घसरतात आणि एकदा फाकलेले पाय सहसा पुन्हा सरळ होत नाहीत. पहिल्या बॅचची अशी सात-आठ पिल्लं मी वाया घालवली. चार दिवसांनी पुठ्ठा काढायचा. तोवर पिल्लं टरफलांऐवजी खाद्य खायला शिकलेली असतात.

पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात 36-37 अंश लागतात. पुढे दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी. चौथ्या आठवड्यात अंगावर पिसं आली की बल्बची गरज राहत नाही. थर्मामीटर घ्या, पण नजर पिल्लांवर ठेवा. बल्बखाली एकमेकांना चिकटून कर्कश ओरडत असतील तर थंडी वाजतेय. कड्याच्या भिंतीला लागून, पंख पसरून, चोच उघडी टाकून बसली असतील तर तापलीत, बल्ब वर ओढा. सगळीकडे सारखी विखुरलेली असतील आणि एक बारीक किलबिल सतत चालू असेल, तर तुम्ही जेवायला बसा. आता मी शेडबाहेर बाजेवर झोपते आणि आवाज बदलला की आपोआप जाग येते.

लाईट जाण्याची तयारी हवीच. इन्व्हर्टर परवडत असेल तर घ्या. मी दोन वर्षं तरी बाटल्यांवरच भागवलं. दोन-दोन लिटरच्या सहा बाटल्यांत कढत पाणी भरायचं, फडक्यात गुंडाळायच्या, कड्यात मधोमध ठेवायच्या आणि वरून तरट टाकायचं. हवेला एका बाजूने फट सोडायची. तासाभराने पाणी बदलायचं. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका. तिचा विषारी वायू पिल्लांनाही मारतो आणि माणसालाही.

पाणी आणि खाद्य

खोकं उघडलं की आधी पाणी, मग खाद्य. लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम गूळ, पहिले चार-पाच तास. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवून दाखवायची. शंभर पिल्लांना अर्धा तास लागतो, पण हा अर्धा तास वाचवू नका. पाण्याचं भांडं उथळ हवं आणि त्यात गोट्या किंवा धुतलेले खडे टाकलेले हवेत. नुसतं पाणी असलं की पिल्लू त्यात उतरतं, भिजतं, गारठतं आणि जातं. अर्धा इंच पाण्यात बुडून मेलेलं पिल्लू मी हाताने काढलंय. माझा मुलगा शाळेतल्या गोट्या आणून द्यायचा आणि आठव्या दिवशी मोजून परत घ्यायचा.

लाव्हीला कोंबडीपेक्षा जास्त प्रथिनं लागतात. पहिल्या तीन आठवड्यांत 25 ते 27 टक्के, पुढे 24 च्या आसपास. लाव्हीचं वेगळं खाद्य आमच्याकडे सहज मिळत नाही. म्हणून मी ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर, म्हणजे मांसाच्या कोंबडीच्या लहान पिल्लांचं खाद्य घेते. त्याच्या पिशवीवर प्रथिनं 23 टक्के लिहिलेली असतात. शंभर किलोला दहा किलो सोयापेंड मिसळली की ती 25 वर येतात. पेंड विश्वासाच्या माणसाकडून घ्या, हातात घेऊन वास घ्या. कुबट वास आला तर परत करा. शेंगदाण्याची पेंड स्वस्त पडते, पण ओल लागली की तिच्यात बुरशीचं विष धरतं, म्हणून मी ती वापरत नाही. प्री-स्टार्टरचा दाणाही पहिल्या आठवड्यात मोठा पडतो. मिक्सरला एक फेरा द्यायचा आणि रव्याच्या चाळणीने चाळून घ्यायचा.

पाच आठवड्यांत एक लाव्ही साधारण अर्धा किलो ते साडेपाचशे ग्रॅम खाद्य खाते. तुमचा हिशोब त्याच्या पुढे गेला तर खाद्य सांडतंय असं समजा. लाव्ही खाण्यापेक्षा उकरते जास्त. भांडं एक तृतीयांशच भरा आणि दाण्यावर अर्धा इंची जाळीचा तुकडा नुसता ठेवून द्या. चोच आत जाते, पाय जात नाही. या एका तुकड्याने माझं शंभर पक्ष्यांमागे पाच-सहा किलो खाद्य वाचलं.

मधले दिवस

दहाव्या-बाराव्या दिवसापासून तिसरा आठवडा सरेपर्यंत फार काही करावं लागत नाही. पिल्लं पिंजऱ्यात हलवायची. माझे पिंजरे चार फूट बाय अडीच फूट, एकात 50 पक्षी. उंची फक्त एक फूट. नव्या माणसाला वाटतं, उंच पिंजरा असला तर पक्ष्याला मोकळं वाटेल. पण लाव्ही दचकली की सरळ वर उसळते, आणि उंची मिळाली की तेवढ्या जोराने डोकं आपटते. पहिल्या उंच पिंजऱ्यातल्या माझ्या पक्ष्यांची टाळकी सोलून निघाली होती, काहींच्या कवटीवर रक्त साकळलेलं. आता छताच्या आतून तरट ताणून बांधते.

पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा आणि पाण्यावर रॉकेल नाहीतर जुनं तेल टाका, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. लाल मुंग्यांनी रात्रीत पिल्लाचे डोळे खाल्लेले मी पाहिलेत. घुशी आणि मांजरं जाळीतून पाय ओढतात, म्हणून खालचा भाग बारीक जाळीचा. विष्ठेचे ट्रे एक दिवसाआड काढते. शेडमध्ये शिरल्यावर डोळे चुरचुरले तर समजा पक्ष्याची छाती आधीच त्रासलीय. ते खत खड्ड्यात कुजवून मग वांग्याला घालते. ताजं घातलं तर रोपं करपतात.

देशी कोंबड्या या शेडजवळ फिरकू देऊ नका. त्यांच्या पोटातली रोगराई लाव्हीला लागते. पक्षी फुगून बसला, पातळ पांढरी हगवण दिसली, तर त्याला लगेच बाजूला काढा आणि सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना मेलेला पक्षी नेऊन दाखवा. दुकानदाराच्या सांगण्यावरून औषध पाजू नका. आणि औषध दिलंच, तर बाटलीवर मांसासाठी किती दिवस थांबायचं लिहिलेलं असतं तेवढे दिवस पक्षी विकू नका. लोक ते मांस आपल्या लेकरांना खाऊ घालणार आहेत.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी नर-मादी ओळखता येतात. नराची छाती विटकरी, एकरंगी. मादीच्या छातीवर फिकट पिसांत काळे ठिपके. त्याच वेळी मी दोघं वेगळी करते. एकत्र ठेवले तर चौथ्या आठवड्यापासून नर एकमेकांच्या डोक्यावर बसतात, माद्यांच्या मानेची पिसं उपटतात, आणि खाल्लेलं सगळं या धावपळीत जातं. मादी नरापेक्षा जड भरते, त्यामुळे वेगळ्या पिंजऱ्यांत वजनाचा अंदाजही नेमका येतो.

दर रविवारी दहा पक्षी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलते आणि वहीत लिहिते. एका आठवड्याला 25-30 ग्रॅम, दोनला 60-70, तीनला शंभरच्या पुढे, चारला दीडशे आणि पाचव्या आठवड्याला 180 ते 200 भरले तर बॅच ठीक चाललीय. दुसऱ्या आठवड्याला पन्नासच्या आत अडकली तर नंतर कितीही खाऊ घाला, तो खड्डा भरून निघत नाही. म्हणून मी पहिल्या दहा दिवसांवर एवढी अडून बसते.

अंधारातले दहा दिवस

आता खरं पोसणं सुरू. पंचविसाव्या दिवसापासून मी पिंजऱ्यांवर काळं कापड सोडते. पहिल्या आठवड्यात चोवीस तास उजेड असतो, पुढे हळूहळू कमी करते, आणि या काळात दिवसाला आठ तासच, तोही मंद. खाद्याची जागा दिसावी एवढाच. उजेड कमी झाला की लाव्हीला माजाची चाहूल लागत नाही, नरांचं ओरडणं आणि भांडणं थांबतं, आणि अंगावर मांस धरतं. शेड एकदम शांत होतं. आमचे मालकही आत आले की आपोआप हळू बोलतात.

खाद्यातही बदल करते. चार भाग जुनं खाद्य, एक भाग मक्याचा भरडा. हा बदल एका दिवसात करू नका, तीन-चार दिवसांत चढवत न्या, नाहीतर पोट बिघडतं. खाद्यात मासळीकुटी वापरत असाल तर या दहा दिवसांत बंद करा, मांसाला वास येतो. पाणी मात्र दिवसातून दोनदा ताजं. या दिवसांत पिंजऱ्यात विनाकारण हात घालायचा नाही, पाहुणे आत न्यायचे नाहीत आणि कुत्र्याला दाराशी येऊ द्यायचं नाही. एक दिवस पक्षी बिथरले की दोन दिवस नीट खात नाहीत.

पक्षी तयार झाला का हे वजनावरून कळतंच, पण मी एक हाताची परीक्षा घेते. पक्षी उताणा धरायचा, अंगठा छातीच्या मधल्या हाडावर. हाड सुरीसारखं टोचत असेल तर अजून वेळ आहे. दोन्ही बाजूंचं मांस हाडाच्या बरोबरीने वर आलं असेल तर तयार. मग पोटावरच्या पिसांत हलकी फुंकर मारायची. पिसं बाजूला होतात आणि खालची कातडी दिसते. ती लालसर-निळसर असेल तर चरबी नाही, पिवळसर लोण्यासारखी असेल तर पक्षी पोसलाय.

पाचवा आठवडा भरला की विका, फार तर सहावा. पुढे मादी अंड्यावर येते, नर पुन्हा माजतो. खाद्य चालू राहतं आणि वजनाचा काटा हलत नाही. दर मनासारखा मिळेना म्हणून मी एकदा 120 पक्षी पंधरा दिवस अडवले. दर वाढला तो सगळा खाद्यातच गेला.

कापताना

कापायच्या आधी तीन-चार तास खाद्य बंद, पाणी चालू. कातडीसकट हवा असेल तर उकळत्या पाण्यात बुडवू नका. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते, लगेच फाटते. 53-54 अंशांचं पाणी आणि अर्धा ते एक मिनिट पुरे. पंखाचं मोठं पीस ओढून पाहायचं, सहज आलं की काढायचं. ढाबेवाले बहुतेक सोललेलाच मागतात. तो कात्रीने मिनिटभरात होतो. लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायचा. दोनशे ग्रॅमच्या पक्ष्याचं साफ करून साधारण 140 ग्रॅम उरतं, गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा.

घरी करायचं तर काळा मसाला, सुकं खोबरं, भाजलेला कांदा आणि मंद आच. पंधरा-वीस मिनिटांत शिजतो. कोंबडीएवढा वेळ दिलात तर दोरीसारखा चिवट होतो. सोबत कडक भाकरी. लाव्ही खाल्ल्याने दमा जातो, अमुक बरं होतं असं सांगून कुणी विकतं. मी तसं सांगत नाही. मांस चांगलं आहे, चवीचं आहे, तेवढं पुरेसं आहे.

विक्री आणि पंचांग

पिल्लं आणायच्या आधी गिऱ्हाईक ठरवा. मी पहिली दुसरी बॅच विकली ती दोन ढाब्यांना आणि एका खानावळीला, तिन्ही ठिकाणी स्वतः जाऊन एक-एक पक्षी फुकट चाखायला देऊन. एकदम हजार पिल्लं आणू नका. दर आठवड्याला शंभर आणली तर दर आठवड्याला शंभराच्या आत-बाहेर पक्षी निघतात, आणि ढाबेवाल्याला नियमित मालच हवा असतो. हिशोब करताना शंभर पिल्लांचा सगळा खर्च विकलेल्या नव्वद पक्ष्यांवर वाटा. मेलेल्या दहांनीही खाद्य खाल्लेलं असतं.

आणि पंचांग बघा. श्रावणात आमच्याकडे कुणी मांसाला हात लावत नाही, नवरात्रातही नाही, मार्गशीर्षातले गुरुवारही जातात. श्रावणाच्या तोंडावर पक्षी अडकला तर महिनाभर फुकट पोसावा लागतो. उलट गटारीला, म्हणजे आषाढ अमावास्येला, मागणी पुरवता येत नाही. तेव्हा वटपौर्णिमेनंतर दहा दिवसांनी पिल्लं उतरवा, अमावास्येला बरोबर पाच आठवडे भरतात. अधिक महिना आला तर तारखा पुन्हा मोजा. ऐन उन्हाळ्याची, चैत्र-वैशाखातली बॅच मी निम्मीच ठेवते. दुपारी पारा 42 च्या पुढे जातो तेव्हा पत्र्यावर उसाचं पाचट, वाऱ्याच्या बाजूला ओली पोती आणि पहाटे व रात्रीच खाद्य देते.

गटारीचा शेवटचा पक्षी गेला की शेड रिकामं करते. पिंजरे अंगणात काढून सोड्याच्या पाण्याने घासते, दोन दिवस उन्हात वाळवते, भिंतींना चुना देते. श्रावण संपायला आठवडा राहिला की पुन्हा हॅचरीला फोन लावायचा, आणि पिल्लं येणार त्याच्या आदल्या रात्री बाटल्या शोधून ठेवायच्या.